संशोधन की कागदांची मोजदाद?

२०२१ साली फ्रान्समधील तुलूझ येथील संगणकशास्त्रज्ञ गिलोम कबानाक आणि त्यांचे दोन सहकारी संगणकशास्त्रातील शोधनिबंध चाळत असता त्यांना एक चमत्कारिक शब्दप्रयोग आढळला. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' ही आता शाळकरी मुलांच्याही परिचयाची झालेली संज्ञा. तिच्या जागी 'काउंटरफीट कॉन्शसनेस' असे छापले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची 'बनावट जाणीव' झाली होती! कुतूहलाने त्यांनी अधिक शोध घेतला, तेव्हा असे शब्दप्रयोग ढिगाने सापडू लागले. 'बिग डेटा'चे 'कोलॉसल इन्फर्मेशन' झाले होते, 'डीप न्यूरल नेटवर्क'चे 'प्रोफाउंड न्यूरल ऑर्गनायझेशन' झाले होते आणि 'सिग्नल टू नॉइज' या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला पाठ असलेल्या गुणोत्तराचे चक्क 'फ्लॅग टू क्लॅमर', म्हणजे निशाण आणि कोलाहल, असे रूपांतर झाले होते. या प्रकाराला कबानाक यांनी 'छळलेले शब्दप्रयोग' असे नाव दिले. हे निबंध कुणा गल्लीबोळातील पत्रिकेत आले होते असे मात्र नाही. एल्सेव्हियर या जगड्व्याळ प्रकाशनसंस्थेच्या 'मायक्रोप्रोसेसर्स अँड मायक्रोसिस्टिम्स' या नियतकालिकात असे शेकडो संशयास्पद निबंध निघाले. अशा निबंधांच्या लेखकांत भारतीय महाविद्यालयांतील प्राध्यापकांचीही नावे होती, हे खेदाने नमूद करावे लागते.

हे शब्द जन्माला कसे येतात, हे समजून घेतल्यावाचून या रोगाचे निदान होणार नाही. दुसऱ्याचा निबंध घ्यायचा, शब्द बदलून देणाऱ्या संगणकप्रणालीत तो टाकायचा आणि बाहेर पडेल ते स्वतःच्या नावावर छापायचे. यंत्राला अर्थ कळत नाही. ते प्रत्येक शब्दाला पर्यायी शब्द शोधते. 'सिग्नल'ला 'फ्लॅग' आणि 'नॉइज'ला 'क्लॅमर' हे पर्याय कोशात सापडतात, तेवढे त्याला पुरते. पण हा उपद्व्याप करायचा तरी कशासाठी? कारण उघड आहे. निबंध नक्कल आहे की नाही, हेही आता यंत्रच तपासते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ३१ जुलै २०१८ रोजी वाङ्मयचौर्यविरोधी विनियम जारी केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि त्यापुढे अशा पायऱ्यांनी शिक्षा. हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु टक्केवारी शब्दांची मोजली जाते, विचारांची नाही. विचार जसाच्या तसा उचलून शब्द तेवढे पिळले की साम्य नऊ टक्क्यांवर येते आणि चोर सन्मानाने सुटतो. नक्कल पकडणारे यंत्र, त्याला फसवणारे दुसरे यंत्र आणि या दोहोंच्या मध्ये प्रमाणपत्राची वाट पाहत उभा असलेला डॉक्टरेटचा उमेदवार, असे हे दृश्य आहे. त्यात माणसाने माणसाचा निबंध वाचण्याचा प्रसंग कुठेच येत नाही.

या अवस्थेचे मूळ शोधायचे तर २०१० पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या विनियमांनी प्राध्यापकांच्या नेमणुकीला व बढतीला गुणांकनाची पद्धत जोडली. तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातील निबंधाला १५ गुण आणि परिषदेच्या इतिवृत्तातील निबंधाला १० गुण, अशी ती आकडेमोड. पुढे तिच्यात अनेक फेरफार झाले. पण निबंध म्हणजे गुण आणि गुण म्हणजे पगारवाढ, हे समीकरण प्राध्यापकवर्गाच्या मनात घट्ट बसले ते बसलेच. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आलाच पाहिजे ही अट २००९ पासून होती. ती २०२२ च्या विनियमांत काढण्यात आली. मधल्या तेरा वर्षांत या अटीने कोणता बाजार उभा केला, याचा हिशेब कोणी मांडायचा?

२०१५ मध्ये फिनलंडमधील दोन अभ्यासकांनी तो काही प्रमाणात मांडला. पैसे घेऊन, न तपासता काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना इंग्रजीत 'प्रिडेटरी', म्हणजे शिकारी, म्हणतात. अशा नियतकालिकांत २०१० साली सुमारे ५३ हजार लेख निघाले होते. २०१४ साली त्यांची संख्या ४ लाख २० हजारांच्या घरात गेली. त्या प्रकाशकांपैकी २७ टक्के भारतातले आणि लेखकांपैकी सुमारे ३५ टक्के भारतातले! म्हणजे दुकानदारही आपला आणि गिऱ्हाईकही आपलेच. हैदराबादहून चालणाऱ्या ओमिक्स या प्रकाशनसंस्थेला अमेरिकेतील न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. तज्ज्ञांकडून परीक्षण होते असा खोटा दावा करून लेखकांची फसवणूक केल्याचा ठपका तिच्यावर होता. जगाच्या विद्वत्सभेत भारताचे नाव असे गाजावे, याची खंत किती विद्यापीठांना वाटली?

या दुकानांची पाटीही पाहण्याजोगी असते. नावाच्या आरंभी 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ' हे शब्द हवेतच. मागोमाग 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'इनोव्हेटिव्ह', 'इमर्जिंग' यांपैकी एखादे विशेषण. आणि शेवटी संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, व्यवस्थापन असे सर्व काही एकाच छत्राखाली. आयएसएसएन क्रमांक ठळक छापलेला असतो. हा क्रमांक म्हणजे नियतकालिकाच्या नोंदणीची खूण आहे. गुणवत्तेशी तिचा काडीचाही संबंध नाही. वाहनाचा क्रमांक पाहून चालकाला गाडी येते की नाही हे ठरवण्यासारखा हा प्रकार. पण आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांत तेवढ्यावर काम भागते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी गटात काम करतो, मार्गदर्शकाचे नाव जोडतो, सर्वांनी मिळून शुल्क भरतो आणि आठवडाभरात त्याला 'आंतरराष्ट्रीय' प्रकाशनाचे रंगीत प्रमाणपत्र मिळते. घरी आईवडील ते चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. त्या बिचाऱ्यांचा यात काय दोष? मुलाचा निबंध 'इंटरनॅशनल' झाला, एवढेच त्यांना सांगितलेले असते. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावरही केवळ 'इंटरनॅशनल' या शब्दापुढे आपली मान लवते, हे या बाजाराचे खरे भांडवल आहे.

हा प्रकार कुणाच्याच ध्यानात आला नाही असे नाही. आणि ज्यांनी तो पुराव्यानिशी मांडला ते पुण्याचेच होते. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचविलेली हजारो नावे तिच्यात होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील नमुना काढून तपासला आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला. विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या, इतरत्र कोठेही नोंद नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असावीत, असा तो निष्कर्ष होता. ही नावे परक्या कुणी घुसवली नव्हती. आपल्याच विद्यापीठांनी सही-शिक्क्यानिशी पाठवली होती. आयोगाने मे २०१८ मध्ये ४ हजार ३०५ नियतकालिके यादीतून वगळली आणि पुढे पुणे विद्यापीठाच्याच साहाय्याने 'केअर' ही नवी यादी २०१९ मध्ये सुरू केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. आता चांगले-वाईट पारखण्याचे काम पुन्हा विद्यापीठांकडे आणि महाविद्यालयांकडे आले आहे. ज्यांनी ती ८८ टक्के नावे सुचवली होती, तेच पुन्हा पारखी!

पण म्हणून सारे पाप भारतीय दुकानदारांच्या माथी मारून पाश्चात्त्य प्रकाशकांना सोवळे ठरवण्याचे कारण नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या तीन विद्यार्थ्यांनी निरर्थक शोधनिबंध आपोआप रचणारी 'साय-जेन' नावाची प्रणाली केली. तिने रचलेला, आलेख-आकृत्यांनी सजलेला आणि कशाचाच काही अर्थ नसलेला निबंध फ्लोरिडातील एका परिषदेने स्वीकारला. विद्यार्थ्यांनी थट्टा म्हणून केलेली ही प्रणाली पुढे इतरांनी गांभीर्याने वापरली! २०१४ मध्ये ग्रनोबलच्या सिरिल लाबे यांनी दाखवून दिल्यावर श्प्रिंगर आणि आयट्रिपलई या दोन मातब्बर प्रकाशकांना असले १२० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. संगणकशास्त्रज्ञांनीच लिहिलेला बडबडीचा निबंध आणि संगणकशास्त्राच्याच नामांकित प्रकाशकाने तो छापलेला, याहून मोठी नाचक्की कोणती? त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील एका संगणकशास्त्रज्ञाने नको असलेल्या पत्रांना वैतागून, 'मला तुमच्या यादीतून वगळा' हे एकच वाक्य शिवीसकट पानोपानी छापलेला जुना थट्टेचा निबंध एका 'आंतरराष्ट्रीय' संगणक-नियतकालिकाला धाडला. परीक्षकाने त्याला 'उत्कृष्ट' असा शेरा दिला आणि संपादकांनी दीडशे डॉलर मागितले. आणि वायली या दोन शतकांची परंपरा सांगणाऱ्या प्रकाशनसंस्थेला आपल्या हिंदावी या शाखेतील ८ हजारांहून अधिक निबंध एकट्या २०२३ सालात मागे घ्यावे लागले. शेवटी ते नावच गुंडाळावे लागले. लेखकाकडून छपाईचे पैसे घ्यायचे आणि वाचकाकडून वर्गणी, असा हा दुहेरी व्यापार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेतून तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके आता खेड्यातील सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यालाही वाचता यावीत, यासाठी ही तरतूद आहे आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु वाचण्यासाठी एवढे मोजणाऱ्या देशाने आपलेच निबंध परक्या दारात छापण्यासाठी पुन्हा वेगळे पैसे मोजावेत, आणि तेही कोणी न वाचण्यासाठी, याला कोणता व्यवहार म्हणावा?

निबंधांची टांकसाळ बदनाम होऊ लागताच आता पेटंटची सुरू झाली आहे. उपयोजित अभियांत्रिकीच्या क्षेत्रात तर तिचा सुकाळ आहे. सामान्य वाचकाला 'पेटंट प्रसिद्ध झाले' आणि 'पेटंट मिळाले' यांतील अंतर ठाऊक नसते. महाविद्यालयांच्या जाहिराती नेमक्या याच अज्ञानावर उभ्या असतात. भारतीय कायद्यानुसार कोणताही अर्ज अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. शुल्क भरले तर त्याहूनही लवकर. त्यासाठी कल्पना नवी असावी लागत नाही, चालावी लागत नाही. तपासणी होते ती नंतर, तीही अर्जदाराने मागितली तर. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सूट आहे. ही सूट खऱ्या संशोधकासाठी होती. तिचा लाभ कोण घेत आहे? काही महाभाग तर त्याही पुढे जाऊन ब्रिटनमध्ये डिझाइनची नोंदणी करवून घेतात. तेथे नोंदणीपूर्वी नावीन्य तपासले जात नाही, शुल्क अल्प असते आणि प्रमाणपत्रावर ब्रिटनचे नाव येते! एकेका डब्याच्या आकृतीवर सात-आठ प्राध्यापकांची नावे आणि शेवटी ते प्रमाणपत्र मूल्यांकन समितीपुढे. इंग्रज गेले, पण त्यांच्या मोहरेची किंमत आपल्या मनातून गेली नाही.

याच देशात, याच शास्त्रात, खरे संशोधन कसे होते हेही पाहण्याजोगे आहे. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही, हे संगणकाला निश्चितपणे आणि वाजवी वेळात सांगता येईल काय, हा प्रश्न जगातील गणितज्ञांना दीर्घकाळ छळत होता. झपाट्याने उत्तर देणाऱ्या रीती होत्या. पण त्या कुठे दैवावर तर कुठे सिद्ध न झालेल्या गृहीतकावर विसंबून होत्या. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी तो निर्विवाद सोडवला. हे दोघे विद्यार्थी त्याच उन्हाळ्यात बी.टेक. झाले होते! कामाचा पाया कानपूरमधील बी.टेक.च्या प्रकल्पांतच घातला गेला होता. निबंध होता नऊ पानांचा. तो त्यांनी कुठल्या 'इंटरनॅशनल' दुकानात नेला नाही. जगातील जाणकारांना पाठवला आणि सर्वांसाठी खुला केला. अमेरिकेतील कार्ल पोमरन्स या नामवंत गणितज्ञाच्या हाती तो सोमवारी पडला आणि त्याच दिवशी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना जमवून तो समजावून सांगितला. इतका तो स्वच्छ होता. 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या अग्रगण्य नियतकालिकाने परीक्षण करून तो छापला २००४ साली, म्हणजे दोन वर्षांनी. २००६ मध्ये त्याला ग्योडेल पारितोषिक मिळाले. गुणांकनाच्या कोष्टकात या निबंधाला किती गुण पडले असते? नियमाप्रमाणे १५, आणि तेही तिघांत वाटून!

त्याआधी १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर या आयआयटी मुंबईतून शिकून गेलेल्या मराठी तरुणाने अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत रेषीय नियोजनाची नवी रीत शोधली. विमानकंपन्यांच्या वेळापत्रकापासून दूरध्वनीच्या जाळ्यापर्यंत मर्यादित साधनांची सर्वोत्तम मांडणी करण्याचे हे शास्त्र. त्यांच्या त्या एका निबंधाने या क्षेत्राची दिशा बदलली. पुण्यात सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये झाली, ती अमेरिकेने महासंगणक देण्यात घातलेल्या अडवणुकीच्या पार्श्वभूमीवर. आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत 'परम ८०००' उभा राहिला. कानपूरमध्ये सुरू होऊन याच सी-डॅकमध्ये वाढलेल्या 'जिस्ट' तंत्राने संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणली. या मंडळींपैकी कुणी गुणांची बेरीज करत बसले असते, तर मराठी माणूस मराठी मजकुरासाठी आणखी किती वर्षे खोळंबला असता, कोण जाणे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. मोजदाद नको म्हणता, मग बढती कशावर द्यायची? वशिल्यावर? संस्थाचालकाच्या मर्जीवर? आकडे निर्जीव असतील, पण निदान भाचे-पुतणे ओळखत नाहीत! या म्हणण्यात तथ्य आहे. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पीक आले आणि शिक्षणसम्राट नावाची नवी जात उदयाला आली, तिचा अनुभव घेतलेला प्राध्यापक आकड्यांचा आधार शोधतो, यात नवल नाही. आठवड्याचे तास, परीक्षेची कामे, प्रवेशाच्या हंगामात दारोदार हिंडणे, आणि पगार महिनोन्‌महिने थकलेला. अशा माणसाकडे संशोधनाचा अभाव म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. परंतु आकड्यांनी वशिला तरी संपला काय? आज निबंधावर विभागप्रमुखाचे आणि प्राचार्याचे नाव न लिहिता पुढे जाण्याची छाती किती कनिष्ठ अध्यापकांना होते? वशिला गेला नाही. तो फक्त लेखकांच्या यादीत जाऊन बसला. उपाय आकडा नव्हे, वाचन हा आहे. उमेदवाराने आपले कोणतेही तीन निबंध पुढे ठेवावेत, बाहेरच्या विद्यापीठातील जाणकारांनी ते वाचावेत आणि उघड मुलाखतीत त्याला फळ्यापाशी उभे करून समजावून सांगायला लावावे. ज्याने निबंध विकत घेतला, त्याला 'फ्लॅग टू क्लॅमर' म्हणजे काय ते फळ्यावर सांगता येणार नाही.

चीनने हे २०२० मध्ये ओळखले. निबंधांच्या संख्येवर रोख बक्षिसे देणे तेथील शासनाने त्या वर्षी थांबवण्यास सांगितले आणि संख्येऐवजी मोजक्या प्रातिनिधिक कामावर भर देण्याचा आदेश काढला. चीनला रोग आपल्याहून अधिक जडला होता, हे खरे. पण औषध घ्यायला त्याने आरंभ केला. आपल्याकडे राष्ट्रीय क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण वजा करण्याची तरतूद २०२५ मध्ये आली. पाऊल योग्य आहे. मात्र ते पकडला गेलेल्या निबंधापुरतेच आहे.

या संदर्भात स्वाभिमानी मंडळींनीही थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. 'संगणकासाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने म्हटले आहे' हा निरोप वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो. मूळ गोष्ट एवढीच की, रिक ब्रिग्ज या अमेरिकी संशोधकाने १९८५ मध्ये 'एआय मॅगझिन'मध्ये लेख लिहून संस्कृत वैयाकरणांची वाक्यविश्लेषणाची पद्धत यंत्राला ज्ञान देण्यास उपयुक्त ठरेल, असे प्रतिपादन केले. विचार मोलाचा होता. त्यानंतर संस्कृत वाक्याचा संधिविग्रह व अन्वय करणाऱ्या संगणकप्रणाली खरोखर उभ्या केल्या त्या हैदराबाद विद्यापीठातील अंबा कुलकर्णी यांनी आणि फ्रान्समधील जेरार ह्युए यांनी, वर्षानुवर्षे खपून. तो निरोप पुढे पाठवणाऱ्या किती जणांनी ही दोन नावे ऐकली आहेत? पाणिनीचा अभिमान बाळगायचा तर त्याच्या सूत्रांवर काम करणाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे लागते. नासाचे प्रशस्तिपत्र हवेच कशाला?

हा सारा प्रश्न आज निकडीचा झाला आहे, कारण आता पैसा येऊ घातला आहे. संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच खर्च करणारा देश म्हणून आपण २०२०-२१ पर्यंत ओळखले जात होतो. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. जुलै २०२५ मध्ये संशोधन, विकास व नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. कृत्रिम बुद्धिमत्ता, सेमीकंडक्टर, क्वांटम संगणक ही नावे आता अर्थसंकल्पाच्या भाषणातही येतात. या पैशाचे वाटप करताना अर्जदाराची पात्रता कशी ठरणार? जर पुन्हा निबंधांची व पेटंटांची यादीच मोजली गेली, तर ज्यांनी टांकसाळी चालवल्या त्यांचीच यादी सर्वांत लांब भरेल आणि नऊ पानांचा निबंध लिहिणारा रांगेत शेवटी उभा राहील.

राष्ट्रीय विचारांचे अनेक कार्यकर्ते आज शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत, विद्यापीठांच्या अधिसभांवर निवडून गेले आहेत. शासनाच्या आदेशाची वाट न पाहता त्यांना एक गोष्ट येत्या सत्रापासून करता येईल. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालातील 'प्रकाशित शोधनिबंध' हा आकडा वाचून टाळ्या वाजवण्यापूर्वी, त्यांतील कोणताही एक निबंध मागवावा आणि त्याच्या लेखकाला तासभर बोलवावे. पालकांनीही जूनमध्ये प्रवेशासाठी हिंडताना वसतिगृह आणि नोकरीच्या 'पॅकेज'बरोबर एवढे जरूर विचारावे, की गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेला एक प्रकल्प दाखवता काय, आणि तो चालू करून दाखवता काय?